जर्सी काढा, सर

कबड्डीच्या पोराला 'दुखतंय का?' असं विचारू नये. हाड मोडलं तरी तो 'काय नाय झालं' म्हणतो आणि पुन्हा आत घुसतो. म्हणून माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्या फिजिओथेरपीच्या मुलांना मी एकच सांगायचो. ज्याला बाहेर बसवलंत त्याची जर्सी काढून घ्या. जर्सी नाही तर खेळ नाही.

त्या वर्षी चौघांना घेऊन मी जूचंद्रला, माझ्याच गावी, कबड्डीच्या स्पर्धेत दुखापती बघायला गेलो होतो. त्यातली एक मुलगी भलतीच मवाळ. हात चांगला, पण खेळाडूनं जरा गयावया केली की संपलं. सकाळी एका लंगडणाऱ्या पोराला तिनं तसंच परत आत जाऊ दिलं. माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर झापलं तिला. "नाही म्हणता येत नसेल तर घरी बस! आज एकालाही अडवलं नाहीस तर नापास करीन." तिची पास-नापासी माझ्याच हातात होती. ती मान खाली घालून उभी राहिली.

दुपारी गावच्या संघात एक गडी कमी पडला. संघ माझे काका सांभाळायचे. म्हणाले, "तूच उतर रं. गावाची इज्जत हाय." मला काय, तेच हवं होतं! पोट आत ओढून जर्सी चढवली. म्हटलं, बघू दे पोरांना, सर काय चीज आहेत ते.

दुसऱ्याच चढाईत घोटा वळला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. लंगडत रेषेबाहेर आलो आणि म्हणालो, "काय नाय झालं."

सकाळी झापलेल्या त्या मुलीनंच खाली बसून घोटा दाबला. मी कळवळलो. ती उठली आणि हात पुढे केला.

"जर्सी काढा, सर."

"येडी झालीस का? मला शिकवतेस?" मी असा खेकसलो की अख्खं मैदान वळून बघायला लागलं. काकाही तिच्यावर ओरडले. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण हात तसाच पुढे.

शेवटी काढली. आत भोकांचं बनियन, त्यावर सुटलेलं पोट, आणि गावातल्या बायका तोंडाला पदर लावून हसतायत. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं जर्सी स्वतःच्या बुडाखाली घेतली आणि सरबताच्या गाडीवरचा बर्फ माझ्या घोट्याला बांधायला लागली.

संघ हरला. काका माझ्याशी बोलेनात. पण खरी लाज वाटत होती ती सकाळचा तो लंगडणारा पोरगा आठवून. त्यानं निदान हात जोडले होते. मी तर तिला सरळ दमच दिला.

सामना संपल्यावर तिनं जर्सी झटकून माझ्या हातात दिली.

"सर, आज एकालाच अडवता आलं," ती म्हणाली. "नापास कराल का?"

चेष्टा करत नव्हती ती. खरंच घाबरली होती.