आमच्या गावच्या देवापुढून जिप्सी

टिपेश्वर अभयारण्यात आज जिथे चितळांचे कळप चरतात, तिथे आमचं गाव होतं. मी लहान असताना पुनर्वसन झालं आणि आम्ही पांढरकवड्याच्या बाजूला आलो. पोराला शाळा जवळ पडेल म्हणून बाबांनी लगेच होकार दिला. त्यामुळेच मी घरातला पहिला पदवीधर झालो आणि पुढे त्याच जंगलात गाईड. जुन्या वावरांत आता कमरेइतकं गवत आहे, नीलगायी आहेत, पाणवठ्यावर अस्वल येतं. पर्यटकांना हे दाखवताना माझा ऊर भरून येतो.

बाबा मात्र गाव सुटल्यापासून आत आले नव्हते. मागच्या हिवाळ्यात रीतसर पास काढून मी त्यांना जिप्सीत बसवलं. चालवायला माझा मित्र होता.

एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नाही. आमच्या शिवेवरच्या देवापुढून कुणी गाडीत बसून जात नसे. वरातीतला नवरदेवसुद्धा उतरून चालायचा. शेंदरी दगड दिसताच बाबा उठले.

"थांबव. उतरू दे मले."

"बाबा, इथं उतरता येत नाही. माहं गाईडचं कार्ड रद्द होईल."

"माह्याच गावात मले बंदी? याच्यासाठी शिकवलं काय तुले?"

"काका," मित्र म्हणाला, "तुम्ही उतरले त आम्हा दोघाले बी तुमच्या वावरात तण निंदाले या लागन."

बाबा हसले नाहीत. मित्रानं गाडी थांबवली तेव्हा त्यांचा एक पाय बाहेर होता. मी त्यांचा दंड धरला. बाबांना अडवण्याची माझी ती पहिलीच वेळ.

तेवढ्यात तेच थबकले. "चूप. वांदर बोलून राह्यला."

वाघ दिसला की वानर देतं तो इशारा मला ऐकूच आला नव्हता. क्षणभरानं गवत हललं आणि वाघीण बाहेर आली. आमच्याकडे न पाहता ती देवाच्या दगडाजवळून संथ चालत पलीकडे गेली. खांद्याचे स्नायू कातडीखाली हलताना दिसत होते, आवाज मात्र एवढासाही नव्हता.



"ते बी पायीच गेली पाहा," बाबा हळूच म्हणाले.

मग त्यांनी पाय आत घेतला, चपला काढून माझ्या हाती दिल्या आणि जिप्सीची दांडी धरून अनवाणी उभे राहिले.

"चाल आता. मानूस चालते तेवढंच चाल."

मित्रानं पहिला गिअर टाकला. मीही बूट काढून बाबांच्या शेजारी उभा राहिलो.