गर्दीवाले सुभेदार आणि एकटी विजयमाला

सुभेदार सयाजी घाडगे फौजेतून पेन्शनीत निघाले आणि वाईला गर्दी पुरवायला लागले. हाही एक धंदा आहे. घाटावर शूटिंगला येणाऱ्या सिनेमावाल्यांना कधी लग्नाला वऱ्हाड लागतं, कधी मयताला माणसं, कधी दंगलीला तरणी पोरं. सयाजीरावांना आदल्या दिवशी सांगावं, सकाळी सहाला दोनशे माणसं तीन रांगांत उभी!

"पयली रांग डोळं पुसंल, दुसरी मान खाली घालंल, तिसरीनं मोबाईल खिशात ठेवायचा," असा कडक हुकूम. तिरडीवरच्या नटाला हसू फुटायचं, पण सयाजीरावांच्या माणसांचे दात कधी दिसले नाहीत.

एकदा क्षमाचा फोन आला. क्षमा वाईचीच, बाहेरच्या सिनेमावाल्यांची दुभाषी.

"काका, डेन्मार्कचे एक दिग्दर्शक आलेत. त्यांना तुमच्याकडून माणूस हवाय."

"किती?"

"एक."

"एकशे?"

"नाही हो, एक."

सयाजीरावांनी फोन कानापासून लांब धरून बघितला. "पोरी, एका माणसाची गर्दी कशी व्हायची?"

दिग्दर्शकाचं नाव हेनिंग. वय एकाहत्तर, ताडमाड उंची, उन्हानं नाक गाजरासारखं झालेलं. जिथं बघण्यासारखं काहीच नाही अशी जागा त्याला हवी होती. सयाजीरावांनी मान डोलावली आणि त्याला थेट आपल्या गावी, आटपाडीकडच्या माळावर न्यायला गाडी काढली. वाटेत क्षमानं त्याची सगळी कारकीर्द सांगितली.

"अठ्ठाविसाव्या वर्षी पहिला सिनेमा. एक म्हातारा दोन तास छप्पर शाकारतो. जगभर गाजला, मोठं बक्षीस मिळालं."

"आन दुसऱ्यात?"

"दुसऱ्यात तो शाकारतच नाही."

सयाजीरावांनी गिअर बदलला. "तिसऱ्यात?"

"तिसरा बघायला कुणी आलंच नाही. मग बायको सोडून गेली. बारा वर्षं शाळेत पोरांना बाजा शिकवला. आता हा शेवटचा."

"म्हंजे बढती बिगीबिगी झाली, आन मग एकाच रँकला आडकून पडला," सयाजीराव म्हणाले. ते स्वतः नायब सुभेदारीवर सहा वर्षं कुजले होते. त्यांनी आरशातून मागं बघितलं. म्हातारा खिडकीला नाक लावून माळ बघत होता. सयाजीरावांना त्याची दया आली.

गावात त्यांनी अकरा निवडक माणसं उभी केली. काम एवढंच, सुपातले जोंधळे निवडायचे. पण पहिला कॅमेऱ्याकडं बघून हसला, दुसरीनं न सांगताच हंबरडा फोडला आणि आकाराम पैलवानानं सूप असं आपटलं की जोंधळे हेनिंगच्या टोपीत गेले. म्हाताऱ्यानं अकरा वेळा मान हलवली.

दुपारी सगळे सयाजीरावांच्या घरी जेवायला बसले. त्यांची बायको विजयमाला उंबऱ्याशी खरंच जोंधळे निवडत होती. वर न बघता ती म्हणाली, "आवं, त्या उंच माणसाला बसाय सांगा की. उजेड आडतोय."

क्षमानं सांगितल्यावर हेनिंग चटकन खाली बसला. भाकरी ताटात तशीच राहिली. वीस मिनिटं तो तिचे हात बघत होता. मग हळूच एक शब्द बोलला.

"काय म्हणतोय?" सयाजीरावांनी विचारलं.

"म्हणतात, हीच."

झालं! विजयमाला नटी झाली आणि दोनशे माणसं हलवणाऱ्या सुभेदाराच्या हाती आली एक काठी. गाव बघायला लोटत होतं, त्याला हाकलायचं काम. त्यांनी मेंढरं हाकलली, भावकी हाकलली, एकदा तर सरपंचांनाही माघारी धाडलं. शेवटी बघ्यांत एकटे तेच उरले.

चौदाव्या दिवशी शेवटचा शॉट होता. माळावरच्या रस्त्याकडं विजयमालानं वाट बघत उभं राहायचं.

"कुनाची?" तिनं विचारलं.

क्षमा म्हणाली, "कुणाचीही, म्हणतात."

"आशी कुनाची बी वाट बगता येती व्हय? मानूस ठरल्याला लागतो." ती जरा थांबली. "बरं. ठरला."

कॅमेरा सुरू झाला. वारा सुटला होता. विजयमालानं पदर दातात धरला आणि रस्त्याकडं नजर लावली. पाच मिनिटं झाली, नऊ झाली. ती हलली नाही, रडली नाही.

बाभळीखालून सयाजीराव टक लावून बघत होते. हा चेहरा त्यांनी कधी बघितला नव्हता. बघणार कसा? ते तेव्हा सरहद्दीवर असायचे. एका साली त्यांनी कळवलं होतं, म्हसवडच्या सिद्धनाथाच्या जत्रेला येतो. रजा रद्द झाली, तसं लिहिलेलं पत्र जत्रेनंतर बारा दिवसांनी पोचलं आणि ते स्वतः पोचले सात महिन्यांनी. त्या बारा दिवसांत काय झालं हे विजयमालानं कधी सांगितलं नाही, त्यांनीही कधी विचारलं नाही. आता समोरच दिसत होतं.

काठी टाकून सुभेदार पळतच कॅमेऱ्यापुढं गेले. "माले, आलो न्हवं मी! आलोय की गं!"

क्षमानं कपाळावर हात मारला. विजयमाला जागची न हलता म्हणाली, "आवं, सरका तिकडं. रस्ता दिसंना झालाय."

सयाजीराव ओशाळून बाजूला सरले. जावं की थांबावं कळेना, म्हणून सावधानमध्ये तिच्याशेजारी उभे राहिले. हेनिंगनं कॅमेरा थांबवू दिला नाही. पुढची चार मिनिटं दोघंही रस्ता बघत होती.

वर्षभरानं हेनिंग सिनेमा घेऊन आला आणि रविवारी सकाळी आटपाडीच्या एका मंगल कार्यालयात दाखवला. तीनशे माणसं आली. अर्ध्या तासानं निवृत्त तलाठी लालासाहेब चहा पिऊन परतले.

"काय झालं का?"

"न्हाई. जोंधळंच निवडत्यात."

ते परत चहाला गेले. हळूहळू पुरुषांच्या खुर्च्या निम्म्या रिकाम्या झाल्या. बायका मात्र बसून होत्या. रस्त्याचा शॉट आला तशी कुजबूज थांबली. फौजेतल्या आप्पासो हवालदारांची आई पडद्याकडं बघून मोठ्यानं म्हणाली, "ईल गं बाई, पत्र तरी ईल." कुणी हसलं नाही. मग पडद्यावर सयाजीराव पळत आले आणि कार्यालय शिट्ट्यांनी दणाणलं. सबंध सिनेमात घडलेली तेवढी एकच गोष्ट! सयाजीराव मात्र मान खाली घालून बसले होते. विजयमालानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

डेन्मार्कात तो सिनेमा नऊ दिवस चालला. एका पेपरानं विजयमालाचा फोटो छापला. एका मालिकेनं तिला सासूच्या कामाला बोलावलं, तर ती म्हणाली, "तिथं लय वराडाय लागतंय," आणि गेली नाही. हेनिंग आता कुठंशा समुद्रकाठी राहतो. दर रविवारी त्याचा फोन येतो. तो त्याच्या भाषेत बोलतो, विजयमाला आपल्या. पंधरा-पंधरा मिनिटं चालतं.

"काय म्हणतोय गं?" सयाजीराव विचारतात.

"पाऊस हाय म्हणतोय," विजयमाला सांगते, "आन गुडघं दुखत्यात."