शिंपल्याचा प्रश्न

लातूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात बारावीला रसायनशास्त्र शिकवायला लागून मला बरीच वर्षं झाली होती. आम्ल घातलं तरी सहजी न बदलणाऱ्या बफर द्रावणाचा धडा पोरांना दरवर्षी कोरडा वाटायचा, म्हणून त्या वर्षी मी समुद्रच वर्गात आणायचं ठरवलं.

टेबलावर दोन बीकर ठेवले. एकात डिस्टिल्ड वॉटर, दुसऱ्यात मीठ आणि थोडा खायचा सोडा घातलेलं पाणी. तो आमचा समुद्र. दोन्हींत इंडिकेटरचे थेंब टाकले आणि दोन मुलांना नळीनं फुंकायला लावलं. साध्या पाण्याचा रंग लगेच पिवळा पडला. समुद्राचा हिरवा-निळा मात्र ढिम्म हलेना. फुंकणारा लालबुंद झाला, वर्ग हसला, आणि मी खुशीत समीकरणं लिहायला घेतली. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, आम्ल तयार होतं. पण समुद्रातलं कार्बोनेट त्या आम्लाचे हायड्रोजन आयन पकडतं आणि स्वतः बायकार्बोनेट होतं.

"म्हणजे धूर कितीही होऊ द्या, समुद्राला काही होत नाही," मी म्हणालो.

तिसऱ्या बाकावर देवणीकडची एक मुलगी बसायची. एरवी तोंड न उघडणारी. ती उभी राहिली.

"सर, कार्बोनेट असं खर्च होऊन राहिलं तर शिंपल्यातला जीव कवच कशाचं करील? कवच बी कार्बोनेटचंच हाय ना?"

मला उत्तर येत नव्हतं. तास संपायला आला होता, गणितं राहिली होती.

"समुद्र पाहिलायस का कधी?"

"न्हाई सर."

"मग शिंपल्याची काळजी सोड, नीटची कर."

वर्ग खो खो हसला. मागून कुणीतरी तिच्याच सुरात 'हाय ना' म्हटलं. ती खाली बसली. त्या 'हाय ना'ला मीही हसलो होतो. मी, विष्णुपुरीजवळच्या खेड्यातून असंच बोलत नांदेडच्या कॉलेजात गेलेला.

घरी आल्यावर चहा तसाच ठेवून जुनी पुस्तकं काढली. समीकरणं वहीत पुन्हा मांडली. मुलीचं बरोबर होतं. बफर आम्ल झेलतं ते कार्बोनेट खर्चूनच, आणि तेच शिंपल्यांना, प्रवाळांना लागतं. शिवाय समुद्राची आम्लताही हळूहळू वाढतेच. बीकरातला रंग बदलला नाही, तेवढ्यावरून काही घडलंच नाही असं मी नव्वद पोरांना सांगून मोकळा झालो होतो. बायकोनं विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही." जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात उभा राहून सांगितलं, "काल मी चुकीचं शिकवलं. तिचा प्रश्न बरोबर होता." सगळं पुन्हा समजावलं. पुढच्या बाकावरच्या मुलानं हात वर केला.

"सर, हे नीटला येतं का?"

ती मान खाली घालून लिहीत होती.

तास संपल्यावर मी तिला व्हरांड्यात थांबवलं. "काल तुला तसं बोलायला नको होतं. माझं चुकलं."

"हाव सर." ती दप्तराचा बंद ओढत राहिली. मग म्हणाली, "मला काय सर, उत्तर न्हाई आलं तरी चाललं असतं. तुमी नुसतं माहीत न्हाई म्हणायचं होतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर वर्षभर तिनं एकही शंका विचारली नाही. प्रत्येक धड्याच्या शेवटी मी "कुणाला काही विचारायचंय?" म्हणायचो आणि नजर तिसऱ्या बाकाकडे जायची. ती फळ्यावरचं उतरवून घेत असायची. चाचण्यांत मार्क चांगले पडायचे. पेपरात बोट ठेवायला जागा नसायची.

निरोपसमारंभाच्या दिवशी पोरं एकेक करून भेटायला आली. तीही आली. "येते सर," म्हणाली. मला खूप काही बोलायचं होतं, पण तोंडातून निघालं, "अभ्यास कर नीट." तिनं मान डोलावली. तिच्या मागे रांग होती, ती बाजूला सरकली.