शिल्पानं म्हटलं की दार लागते

मैत्रिणींनो, आज पोटात दुखून राहिलं, खोटं कशाला बोलू!

रामदासपेठच्या फ्रेंच क्लासमधे सरांनी हुकूम द्यायला शिकवलं. 'तू', 'तुम्ही' गाळायचं, नुसतं क्रियापद म्हणायचं. शेजारच्या शिल्पाले या क्लासले मीच ओढून नेलं. ती उभी राहून म्हणाली, "फेर्मे ला पोर्त!" सरांनी स्वतः उठून दार लावलं.

मग मी म्हटलं, "एकूते!" म्हणजे ऐका. सगळे अजून शिल्पाचंच कौतुक करत होते.

घरी येऊन नवऱ्यावर हुकूम सोडला, "दॉन म्वा द लो!"

"म्हणजे काय वं?"

"मले पाणी दे."

मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "उभीच आहेस तर मलेही आण."

मी आणलं.

शिल्पानं म्हटलं असतं तर हाही उठला असता. तुमच्या घरी कोणी उठते का वं?