खडूनं काढलेल्या खोल्या

दयाराम गेल्याचं मला कळलं तेव्हा माझ्यापुढे उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. एप्रिल संपत आलेला, कूलर नुसताच घरघरत होता, आणि पेपर होता आधुनिक अमेरिकन नाटकाचा. त्याच्या शाळेतला शिपाई दारात येऊन उभा राहिला आणि त्यानं एक चिठ्ठी हातात दिली. दयाराम सर काल गेले, अंत्यविधी आज सकाळी झाला. म्हणजे मला कळवायचं सुचलं तेही सगळं आटोपल्यावर. मी चिठ्ठी खाली ठेवली ती नेमकी वरच्या उत्तरपत्रिकेवर, आणि तिच्याशेजारी पहिल्या पानावरची छापील सूचना तशीच दिसत राहिली : परीक्षार्थीने आपली ओळख पटेल अशी कोणतीही खूण उत्तरपत्रिकेत करू नये. गेली चौदा वर्षं दर उन्हाळ्यात मी ही सूचना वाचते आणि दर उन्हाळ्यात माझं डोकं आधी तिनं तापतं, उन्हानं नंतर.

त्याच्या शाळेनं शोकसभा ठेवली होती. अध्यक्ष म्हणून कोणाला बोलवावं? आमच्या वेळच्या विभागप्रमुखांना. सर आता निवृत्त झाले आहेत, पण आवाज तोच आहे, टिपणं उतरवून देताना असायचा तसा. दयाराम माझा लाडका विद्यार्थी होता, असं ते म्हणाले. त्याचं एम. ए. अपुरं राहिलं, नियतीच्या मनात नव्हतं, असंही म्हणाले. नियती! ही नियती कुठल्या खोलीत, कुठल्या टेबलाशी, कोणाच्या शेजारी बसली होती ते मला चांगलं ठाऊक आहे. समोरची पोरं रडत होती आणि सर रुमालानं चष्मा पुसत होते. मी उठून बोलायला हवं होतं. नाही बोलले. बोलायच्या वेळी नेमकं न बोलणं हा माझा जुनाच गुण आहे, म्हणून आता हे लिहिते आहे.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. दयाराम रामटेकच्या बाजूच्या एका खेड्यातून आला होता. घरची धानाची थोडी शेती, वडिलांनी छप्पन साली नागपुरात येऊन दीक्षा घेतलेली, आणि हा त्या घरातला पहिला शिकलेला. वर्गात आम्ही शहरातल्या मुली कोपऱ्यात बसून इंग्रजी उच्चारांची चिंता करायचो. हा मात्र सरळ आपल्या बोलीत बोलायचा, मुलींशीही. पहिल्याच महिन्यात त्यानं मला विचारलं होतं, काहून वं कुमुद, ह्या नाटकातलं स्वयंपाकघर तुले दिसते का डोळ्यासमोर? मुली खूप हसल्या होत्या. मीही हसले होते, आणि खरं सांगायचं तर मला काहीच दिसत नव्हतं. सर वर्गात 'आशयसूत्रं' सांगायचे. एक, दोन, तीन करत. आम्ही ती उतरवून घ्यायचो आणि नाटक वाचलं असं समजायचो.

नाटकांचं पुस्तक विभागात एकच होतं, घरी नेता येत नसे. त्यामुळे दुपारी व्हरांड्यात बसून एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं अशी पद्धत पडली होती. रंगसूचना आल्या की आम्ही पानं उलटायचो. दीड-दीड पान नुसत्या खोलीचं वर्णन, कोण वाचणार? दयाराम नेमका तेवढंच वाचायचा. मग फळ्याजवळचा खडू आणून व्हरांड्याच्या फरशीवर ती खोली काढायचा. इथं जिना, इथं खिडकी, इथं बापाची खुर्ची. आणि आम्हाला त्या रेघांमध्ये उभं करून संवाद म्हणायला लावायचा. "मानूस काय बोलून राहिला ते मंग पाहू," तो म्हणायचा, "त्याले तिथून कोन दिसते ते आधी पाहा." एवढंच त्याचं तंत्र. पण त्या रेघांत उभी राहिले आणि मला पहिल्यांदा कळलं, की बापाच्या खुर्चीतून दार दिसतं, मुलाचा जिना दिसत नाही, म्हणून त्या घरात सगळे एवढे ओरडून बोलतात. सरांच्या सहाव्या आशयसूत्रापर्यंत जाऊनही हे कोणाला सापडलं नव्हतं.

एकदा त्यानं आम्हा चौघांना सायकलींवर सदरच्या बाजारात नेलं. कशाला? तर फ्रिज बघायला. एका नाटकात आई फ्रिजचं दार उघडून उभी असते आणि दाराच्या पलीकडून मुलगा येऊन बोलतो, असा प्रवेश होता. त्या दाराआड तिचा चेहरा झाकतो की नाही, यावर त्याचं अडलं होतं. आमच्यापैकी कोणाच्याच घरी फ्रिज नव्हता. दुकानात जाऊन या पठ्ठ्यानं दार उघडलं आणि वितीनं मोजायला सुरुवात केली. उंची किती, रुंदी किती. दुकानदार तणतणत आला, लेना है क्या? दयाराम शांतपणे म्हणाला, नहीं भैया, माँ का मुँह दिखता है क्या वो देख रहा हूँ. आम्हाला हाकलून दिलं, हे सांगायला नकोच. परत येताना तो खुशीत होता. साडेसहा विती, फक्त कपाळ दिसते, असं त्यानं दोनदा सांगितलं... त्याची मापं चुकत नसत. हे लक्षात ठेवा.

परीक्षेत त्या पेपराला बाप आणि मुलगा यांच्यातल्या संघर्षावर प्रश्न आला. दयारामनं उत्तर लिहिलं आणि उत्तराच्या मधोमध अर्ध्या पानावर त्या घराचा नकाशा काढला. बाण दाखवून कोण कुठून कोणाला पाहतो ते सगळं. बाहेरगावच्या परीक्षकांनी इंग्रजी साहित्याच्या पेपरात चित्र जन्मात पाहिलं नसावं. त्यांनी ते उत्तर वाचलंच नाही. ही ओळखीची खूण असण्याचा संभव आहे, असा शेरा मारून पेपर परत धाडला. आणि मग चौकशी समिती बसली. कोंबडी चोरली नाही की कोणाची नक्कल केली नाही, एक घर काढलं म्हणून चौकशी!

साक्षीला माझं नाव दयारामनंच दिलं होतं. मी हे व्हरांड्यात रोज करतो, ही माझी वाचायची रीत आहे, गुप्त खूणबिण काही नाही, कुमुदले विचारा, असं त्यानं लिहून दिलं होतं. मी इस्त्रीची साडी नेसून, मोठ्या तोऱ्यात गेले. आज या लोकांना दयाराम काय चीज आहे ते सांगायचंच, असं ठरवून. लांबट खोली होती, मधे टेबल. टेबलाच्या एका अंगाला समितीचे तिघे आणि त्यांच्या शेजारी आमचे सर. समोर, दाराशी, माझी खुर्ची. उजव्या हाताला भिंतीलगत, माझ्यापासून सहा फुटांवर दयाराम. त्या तिघांपैकी एकानं त्याचं आडनाव दोनदा विचारलं. पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आलं होतं, तरीही. मग समितीच्या अध्यक्षांनी नकाशा माझ्यापुढे सरकवला आणि हा तुमच्या ओळखीचा आहे का, असं विचारलं. मी अभिमानानं म्हणाले, "सर, हा नकाशा पाहिला की विभागातलं कोणीही सांगेल, हा दयारामचा."

अध्यक्षांनी ते वाक्य कागदावर सावकाश उतरवून घेतलं. त्यांना एवढंच हवं होतं. जे कोणीही ओळखेल ती ओळखीची खूण. मी त्याची रीत सिद्ध करायला गेले होते आणि त्याचा गुन्हा सिद्ध करून बसले. पण गोष्ट इथंच संपली असती तर मी मूर्ख होते एवढंच म्हणता आलं असतं. अध्यक्षांनी मान वर करून पुन्हा विचारलं, कोणीही ओळखेल? नक्की? मी दयारामकडे पाहिलं. त्यानं मान हलवली, अगदी थोडी, नाही अशी. मला कळलं. तेवढ्या क्षणात सगळं कळलं. नाही सर, मला तसं म्हणायचं नव्हतं, एवढं वाक्य पुरलं असतं. पण दोनच दिवसांपूर्वी सरांनी मला सांगितलं होतं, की जुलैत विभागात शिकवायची एक जागा निघते आहे आणि तुझं नाव मनात आहे. आणि सर समोर बसले होते, माझ्याकडे बघत. पलटणारी साक्षीदार कोणाला आवडते? मी म्हणाले, "हो."

पेपर रद्द झाला आणि पुढच्या दोन परीक्षांना बसायची बंदी आली. शिष्यवृत्ती थांबली. दयारामनं नागपुरातच नंदनवनजवळच्या एका शाळेत नोकरी धरली आणि पुन्हा म्हणून विद्यापीठाची पायरी चढला नाही. जुलैतली जागा मला मिळाली. तोच पेपर मी आजतागायत शिकवते. वर्गात फळ्यावर खोल्या काढते, मुलं म्हणतात मॅडम किती वेगळं शिकवतात. हे मी कोणाकडून उचललं ते मी एकदाही वर्गात सांगितलेलं नाही. तो मधूनमधून भेटायचा, बर्डीच्या बाजारात, कधी बसस्टॉपवर. कसं काय वं, बरं आहे ना, असं त्याच जुन्या सुरात विचारायचा. त्याच्या त्या बरं आहे ना-नं मी घरी येऊन भांडी आपटायचे. एकदा तरी त्यानं मला शिवी द्यायची होती. माझा तो हक्क होता.

परवा, त्याला जाऊन महिना होत आला तेव्हा, मी नंदनवनात त्याच्या घरी गेले. त्याची बायको शकुंतला, शांत बाई. त्यांनी बाहेरची खोली दाखवली. सिमेंटच्या जमिनीचा एक मोठा तुकडा त्यानं फळ्याच्या काळ्या रंगानं रंगवून घेतला होता. शाळेतली पोरं रविवारी तिथं येऊन धड्यातली घरं, बाजार, कोर्टं काढायची. त्यावर आता सतरंजी अंथरली होती. शकुंतलावहिनींनी ती उचलली. खाली खडूच्या रेघा होत्या, जरा पुसट झालेल्या. आजारात शेवटी शेवटी बसून काढलं त्यांनी, वहिनी म्हणाल्या, तवापासून मी इथं पोछा नाही मारला.

मी ती खोली लगेच ओळखली. लांबट. मधे टेबल. एका अंगाला चार चौकोन. दाराशी एक, भिंतीलगत एक. चौदा वर्षांनंतरही सहा फुटांचं अंतर बरोबर त्या मापात. पण त्या दोन चौकोनांच्या मधे एक उभट आकृती होती, आत फुली मारलेली. हे काय, असं मी विचारलं.

"कपाट," वहिनी म्हणाल्या. "ते म्हनत, कुमुदले तिथून मी दिसतच नव्हतो. मधात कपाट होतं. दिसलो असतो तं ती तशी बोलली नसती."

मला त्या क्षणी त्याचा जेवढा राग आला तेवढा समितीचा कधी आला नाही, सरांचाही नाही. ज्यानं फ्रिजचं दार वितीनं मोजलं, त्यानं एवढं मोठं कपाट कुठून आणलं? कोणी सांगितलं होतं त्याला मला आडोसा द्यायला? मला माफ करण्यासाठी त्यानं आयुष्यात एकदाच नकाशा चुकवला... आणि तो चुकीचाच ठेवून निघून गेला.

पुसायचं का आता हे, ताई, असं वहिनींनी विचारलं. नको, म्हटलं, खोली राहू द्या. मग मी जमिनीवर बसले. "वहिनी, त्या खोलीत कपाट नव्हतं," मी म्हणाले, आणि पदराच्या टोकानं तेवढंच पुसून काढलं.