नॉर्मल रिपोर्टनंतर

इतवारीच्या बाजारात एका कागदाच्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं होतं. वाकून बाहेर पडताना मी जरा लवकर ताठ झाले आणि डोकं लोखंडी कडेवर आदळलं. बेशुद्ध पडले नाही, रक्तही आलं नाही. दुकानदारानं पाणी दिलं, मी ऑटोनं घरी आले. संध्याकाळी उलटी झाली, म्हणून दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. स्कॅनचा रिपोर्ट नॉर्मल आला. डॉक्टरांनी डोकेदुखीच्या गोळ्या लिहून दिल्या.

मी घरी बसून पुस्तकांची प्रुफं तपासते. नवरा गेल्यापासून घरात दुसरं कोणी नाही, आणि या कामात कोणाशी बोलावंही लागत नाही. आता पांढऱ्या कागदाकडे पाहिलं की डोळ्यांमागे कळ उठायची. ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात विसरलेली असायची. शेजारच्या कुकरची शिट्टी झाली तरी रडू यायचं. उन्हाळा पेटलेला, पण कूलरची घरघर सहन होईना, म्हणून तो बंद करून, पडदे ओढून मी घामाघूम पडून राहायची. मुलगी बंगळुरूहून फोन करायची. रिपोर्ट चांगला आहे ना, मग जरा बाहेर पड, असं म्हणायची. तिचंही काय चुकलं? पट्टी नाही, टाका नाही, दिसण्यासारखं काही नव्हतंच. हे म्हातारपणच असेल, असं मलाही वाटू लागलं. फोनवर मी नुसतं ‘बरी आहे’ म्हणायची.

चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून डोळे दाखवायला गेले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोक्याला कधी लागलं होतं का विचारलं आणि मेंदूच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं.

“काकू, रक्तस्राव असता तर स्कॅनमध्ये दिसला असता. मेंदूला बसलेला हादरा त्यात दिसत नाही. तुम्हाला होतंय ते खरं आहे.”

तिच्यासमोर मी किती तरी वेळ रडले. अंधारात पडून राहू नका, रोज थोडं चाला, थोडंच वाचा, त्रास वाढला की थांबा, असं तिनं सांगितलं. दिवाळीपर्यंत मी पुन्हा कामाला लागले.

तालुक्यांतल्या डॉक्टरांना हा हादरा ओळखायला ती शिकवायची. एकदा तिनं मला त्या वर्गात पेशंटचं सोंग घेऊन बसायला बोलावलं. आजच लागलं असं सांगायचं, विचारतील तेवढंच बोलायचं, घरी मुलगा असतो म्हणायचं. डॉक्टर एकेक करून समोर बसले. बेशुद्ध झाल्या होत्या का, एवढं विचारून पहिले दोघं गोळ्यांवर आले. तिनं त्यांना थांबवलं. उजेड, आवाज, झोप, वाचन यांबद्दल विचारायला लावलं.

मग भिवापूरचे एक पिकल्या केसांचे डॉक्टर आले. त्यांनी शांतपणे सगळं विचारलं आणि शेवटी म्हणाले, “ताई, घरी कोन राह्यते तुमच्यासंगं?”

“कोणीच नाही,” मी म्हणाले. मुलगा म्हणायचं राहूनच गेलं.

त्यांनी पेन खाली ठेवला. “मंग राती उलट्या झाल्या, शुद्ध गेली, तं कोनाले समजन?”

बाकीच्या डॉक्टरांना माझं ‘कोणीच नाही’ हा अभिनयच वाटला असावा. एकटं घरी जाऊ देणार नाही, आजची रात्र दवाखान्यात ठेवीन, नाहीतर शेजारच्या कोणाला तरी बोलावून घेईन, असं भिवापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी ते बरोबर असल्याचं सगळ्यांना सांगितलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही. मी घरी एकटी असते, हे तिला माहीत होतं.

चहाच्या वेळी ते डॉक्टर माझ्याशेजारी येऊन बसले. खरंच कोणी नाही का, असं त्यांनी हळूच विचारलं. खरंच नाही, मी म्हणाले. चहा संपवून ते बस गाठायला निघाले.

त्याच आठवड्यात मी खालच्या मजल्यावरच्या बाईंना घराची एक किल्ली नेऊन दिली. कशासाठी, ते दारातच सांगितलं. त्यांनी ती आत खिळ्याला अडकवली. ती वापरायची वेळ अजून आलेली नाही. बाईही सहज म्हणून कधी वर आल्या नाहीत.