इंका पुस्तकाचे कापलेले दोरे

काडीपेटीएवढं ते पुस्तक माझ्या शिकंज्यात होतं. शिकंजा म्हणजे शिवलेलं पुस्तक दाबून ठेवायचा पेच. पुस्तक सुनीताचं. ती आमच्या परभणीच्या छापखान्यात डीटीपी करते, झरीहून ये-जा करते. मी तिथलाच बायंडर. जेवणाच्या सुट्टीत शिलाई तिला मीच शिकवली.

एका कॉलेजच्या लायब्ररीत निजामाच्या काळातली उर्दू पुस्तकं खिळखिळी झाली होती. ग्रंथपाल सर म्हणाले, "हातानं केलेलं छोटंसं सॅम्पल दाखवा. ज्याचं आवडेल, त्याला रिपेअरिंगचं काम." असल्या कामाची मी लय वर्षं वाट बघत होतो. नुसती पावतीबुकं शिवून माणूस बायंडर राहत नाही.

मी सोनेरी अक्षरांची कोरी डायरी बांधली. सुनीतानं दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या इंका लोकांवर पुस्तक केलं. डोंगरातले रस्ते, पायऱ्यांची शेतं, गवताच्या दोरांचे पूल. सगळं हातानं लिहिलेलं, चित्रं नखाएवढी. त्या लोकांना लिपी नव्हती. हिशेब ते दोरीच्या गाठींत ठेवत. म्हणून तिनं शेवटचं पान कोरं सोडलं, शिलाईचे दोरे पाठीतून लांब काढले आणि त्यांना गाठी मारल्या.

आमचे मालक अप्पा येईल त्या गिऱ्हाइकाला ते दाखवायचे. "लय बारीक काम केलंय पोरीनं! मोहनराव, बघायलाव ना? आता तुमची सुट्टी!"

मी हसलो. दुपारी डबा तसाच परत नेला.

शिकंज्यात द्यायच्या वेळी सुनीता म्हणाली होती, "काका, फक्त दाबून द्या. शेंडे राहू द्या बरं का. तेच शेवटचं पान हाय."

शिलाई झाली की दोऱ्याचे उरलेले शेंडे कापायचे, हा आमच्या धंद्याचा रिवाज. मी कात्री घेतली आणि कापले. हात जराही अडखळला नाही.

सर आले. पानं उलटत शेवटाला थांबले. "हे कोरं कसं?"

सुनीतानं पुस्तक हातात घेतलं, पाठीवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडं पाहिलं.

"सवयीनं कापले गं," मी म्हणालो.

"असू द्या, काका."

"पण काय होतं त्या गाठींत?" सरांनी विचारलं.

"शिलाई ज्यांनी शिकवली त्यांचं नाव, सर. एकेका अक्षराला ठरवून गाठी मारल्या होत्या."

"घ्या!" अप्पा मोठ्यानं हसले. "मोहनराव, सोताचंच नाव कापलंत की!"

अपुरं पुस्तक कसं निवडायचं, असं सर म्हणाले. काम मला मिळालं. उर्दू पुस्तकं एकेक करून माझ्या टेबलावर येतात. चांगली होतात.

सुनीता अजून शिवते. आपले शेंडे आपणच कापते. कात्री मात्र माझ्याकडूनच मागते, पहिल्यासारखंच काका म्हणून.

मी ते सवयीनं कापले नव्हते. अप्पांनाही हे आता इथं वाचूनच कळेल.

नव्या बायंडरांना माझं एवढंच सांगणं: शेंडा कापण्याआधी पुस्तकवाल्याला विचारावं. मला तर विचारायचीही गरज नव्हती. तिनं आधीच सांगितलं होतं.